एका शिकारीची पूर्वतयारी

इंदूरच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर चितळाची शिंगे टांगलेली आहेत. आजोबा संस्थानी शिकारखान्यात कारकून होते. ती त्यांना बक्षीस मिळालेली. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात बंदूक हाती धरली नाही. हाकारे शेकडो, मचाणावर एक, आणि सावज वाहून आणणारे तिसरेच, असे त्या शिकारीचे वर्णन ते करीत.

२०२४ च्या उन्हाळी सुटीत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सला भाच्याकडे गेलो, तेव्हा आजोबांची आठवण होण्याचे निमित्त घडले. पहिल्याच रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, येत्या ऑक्टोबरात मी एल्कच्या शिकारीला जाणार आहे." एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद, नर तीनशे किलोंच्याही वर भरतो. आमचे घराणे शाकाहारी नव्हे, तरीही माझा घास क्षणभर हातातच राहिला.

मला वाटले होते, बंदूक घेतली की झाली शिकार. प्रत्यक्षात बंदुकीचा विषय सर्वांत शेवटी निघाला. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तेथे शिकारीचा अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावेच लागते. परवान्यासाठी एप्रिलच्या आरंभी अर्ज, आणि मेअखेर सोडतीचा निकाल. रायफलने शिकार करणाऱ्याने अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी अथवा गुलाबी कापड मिरवावे, डोक्यावरही तोच रंग हवा, असा नियम आहे. त्या अभ्यासक्रमाचे पुस्तक मी सवयीने तपासायलाच बसलो. सावज डोळ्यांनी पूर्ण ओळखल्यावाचून, आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे पाहिल्यावाचून, चापाला बोट लावू नये, हा त्यातला मुख्य धडा. मला दशरथ आठवला. शब्दवेधी बाणाचे कौतुक करणाऱ्यांनी श्रावणाच्या आईबापांचा विलाप विसरू नये.

निकाल लागला आणि घरात नवाच प्रश्न उभा राहिला. परवाना मिळाला होता मादीचा. अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, फोनवर हे कळताच ती म्हणाली, "मादी? आणि तिच्यामागे पाडस असलं तर?" भाच्याने परोपरीने समजावले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीने या राज्यातले एल्क जवळजवळ संपले होते. शेजारच्या वायोमिंगमधून कळप आणून ते पुन्हा वाढवावे लागले. आज त्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात आहे, अमेरिकेच्या कोणत्याही राज्याहून अधिक. कळप चाऱ्याला पुरेल इतकाच राहावा म्हणून खाते माद्यांचेही परवाने देते, आणि ऑक्टोबरात पाडसे चरू लागलेली असतात. अक्का सारे ऐकून एवढेच म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल."

मीही वाद घातला. आपल्याकडे १९७० साली कान्ह्यात बारशिंगे अवघे ६६ उरले होते. ते बंदुकीवाचूनच वाढले ना? भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही रविवारी मटण आणता, ते कोण कापतं?" यावर मी पेपर चाळू लागलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रान पाहायला निघालो. रस्ता काश ला पूद्र नदीच्या दरीतून चढतो. फ्रेंच फासेपारध्यांनी येथे बंदुकीची दारू पुरून ठेवली म्हणून हे नाव, असे सांगतात. नदी वितळत्या बर्फाने फुगून पांढरी झालेली, दोन्ही बाजूंस पाइन वृक्षांची दाटी. कॅमेरॉनची खिंड दहा हजार फुटांच्या वर आहे. शंभर पावले चाललो आणि माझा श्वास तोकडा पडला; इंदूरची उंची दोन हजार फुटांहूनही कमी! झाडांच्या सावलीत अजून बर्फ होते. भाच्याने मात्र पाठीवर वीस किलो तांदळाची गोणी बांधली होती. मादीचे हाडाविना मांससुद्धा सत्तर किलोंच्या आसपास भरते, आणि ते दोघांनी पाठीवरून उतरवायचे. कातडे लगेच सोलले नाही तर थंडीतही मांस नासते. आणि खाण्याजोगे मांस रानात टाकणे गुन्हा आहे. म्हणून मोटारीपासून तीन मैलांपलीकडे जायचे नाही, असे त्याने नकाशावर आखून ठेवले होते. आजोबांच्या शिकारखान्यात हा हिशेब कुणाला करावा लागला नव्हता.

परतताना उतारावरच्या गवतात एक मादी दिसली. पाठीमागे ठिपक्यांचे, लटपटत्या पायांचे पाडस. दुर्बीण आम्ही आळीपाळीने घेतली. भाचा काही बोलला नाही. मोसमाच्या ३० दिवस आधीपर्यंत परवाना परत करता येतो, हे मला ठाऊक होते. ते मी त्याला आठवून दिले नाही.

शाळा उघडण्यापूर्वी मी इंदूरला परतलो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अक्काकडे बसलो असता त्याचा फोन आला. चौथ्या दिवशी शिकार मिळाली होती. ओझे उतरवायला दोघांना तीन खेपा पडल्या, खांदे सोलवटले.

"पाडस होतं का रे?" अक्काने विचारले.

"नव्हतं, आई. दोन तास नुसतं पाहत बसलो होतो. एकटीच चरत होती."

अक्का बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काळा मसाला संपला असेल तुझा. कुणी येणार असेल तर पाठवते."