बिननावाच्या पुड्या

आईला आमवात आहे. सकाळी बोटं आखडायची, गुडघे सुजायचे. मावशीनं गावाकडून एका वैदूच्या पुड्या पाठवल्या. पुडीवर ना नाव, ना घटक. जडीबुटी आहे, एवढाच भरवसा. आठवड्याच्या आत सूज ओसरली आणि आई दिघ्यातल्या इलठणपाड्याचा चढ पुन्हा चढू लागली. दुखणं इतक्या झटपट थांबल्यावर घरात शंका कोण घेणार?

पुढं वजन वाढलं, गाल गरगरीत झाले. शेजारणी म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची." मांड्या आणि दंड मात्र वाळत चालले होते. जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागे, मांडणीवरच्या डब्यापर्यंत हात जात नसे. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हा ठाणं एका स्टेशनावर आलं म्हणून ती हरखली होती. आता तिथला जिना तिला चढवेना.

ऐरोलीच्या डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "काकू, हात न टेकता उठा." आईला उठता आलं नाही. त्यांनी पुड्यांची चौकशी केली, रक्त तपासलं. साखर वाढलेली, सकाळचं कॉर्टिसॉल तळाला. अशा पुड्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असतं, म्हणाल्या. स्टेरॉईड सूज दाबतं, भूक वाढवतं, पोटावर-चेहऱ्यावर चरबी चढवतं आणि मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजवतं. वजनकाट्यावर चरबी-स्नायूंचा हा फरक कळत नाही. औषध म्हणून ते मोलाचंच. कॉर्टिसोननं आमवाताचे रुग्ण उठून चालू लागले, त्या शोधाला 1950 साली नोबेल मिळालं. संताप येतो तो नाव लपवून, मात्रा न सांगता विकणाऱ्यांचा.

पुड्या एकदम तोडायच्याही नव्हत्या. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. म्हणून मोजून प्रेडनिसोलोन, तेही हळूहळू कमी करत. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. ही गोळी रोज घेतली गेली तर घातक, म्हणून पाकिटावर मी ठळक 'सोमवार' लिहिलंय.

भाच्यानं जिममधला प्रोटीनचा डबा सुचवला, शेजारणीनं वजन उतरवायचं इंजेक्शन. इंजेक्शनला डॉक्टरबाईंनी साफ नकार दिला. त्यानं चरबीबरोबर स्नायूही घटतात, आणि आईकडे ते आधीच कमी. डब्याऐवजी अंडी, मटकी, सुकट आणि रोज खुर्चीवरून उठ-बस.

आता ती पलंगाला हात लावून उठते. साखरेची गोळी चालू आहे. मावशी मात्र त्याच पुड्या घेत होती. तिला फोनवर बजावलं, "मनानं बंद करू नकोस. उरलेल्या पुड्या घेऊन आधी सरकारी दवाखान्यात जा."