खिशातला राजीनामा

रॉनी जेम्स डिओ आम्हाला भेटला तो होस्टेलात, मित्राकडून उसन्या आणलेल्या कॅसेटवर. अब्बांना तो नुसता आरडाओरडा वाटे. १९८२ साली ‘लाइव्ह ईव्हिल’च्या मिक्सिंगवरून बँडमध्ये बिनसलं. स्टुडिओत गुपचूप आपला आवाज वाढवून घेतल्याचा आळ डिओवर आला. त्यानं तो नाकारला, पण ‘ब्लॅक सॅबथ’ सुटलंच. वय चाळीस! ड्रमर विनी अपीसला सोबत घेऊन त्यानं ‘डिओ’ हा बँड काढला. १९८३ मध्ये ‘होली डायव्हर’ आला.

चाळिशीत आम्हीही राजीनामा लिहिला होता. आळ आमच्यावरही होता, खोटाच. पण सोबत निघायला कुणी विनी नव्हता आणि घरी अब्बांचं औषधपाणी चालू होतं. कागद खिशातच राहिला, शर्टाबरोबर धुतला गेला.