निकाल पत्रकार परिषदेत

कल्याणच्या न्यायालयात फौजदारी वकिली करणाऱ्याला आयपीएल सुरू झाल्याचं टीव्ही न लावताही कळतं. सट्ट्याच्या धाडी वाढतात आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतून, कधी आमच्या शहाडमधूनही, रात्री-अपरात्री फोन येतात. सकाळी रिमांडच्या वेळी आरोपीचे वडील भेटतात. ते आधी जामिनाचं विचारत नाहीत, मोबाइल पुढे करतात. फोटोत टेबलावर फोन आणि नोटा मांडलेल्या, मागे पोलीस ओळीने उभे आणि मधोमध मान खाली घातलेला मुलगा. "वकीलसाहेब, हे सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. काढता येईल का?" जामिनाचा अर्ज मी तासाभरात तयार करतो. या फोटोपुढे मात्र माझी सनद चालत नाही.

हीच गोष्ट देशाने मोठ्या पडद्यावर पाहिली ती 2013 साली. 15 मे रोजी वानखेडेवर राजस्थान रॉयल्स आणि मुंबई इंडियन्सचा सामना झाला. त्याच रात्री दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने स्पॉट-फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन एखाद्या षटकात ठरवून धावा देण्याच्या, आरोपावरून मुंबईत राजस्थानच्या संघातले एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना उचललं. त्याआधीच्या रणजी मोसमात अंकितने पंजाबविरुद्ध एका डावात 23 धावांत 9 बळी घेतले होते. दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेतली आणि सामन्यांच्या चित्रफिती दाखवल्या. श्रीशांतने कमरेला टॉवेल खोचला तो इशारा, अंकितचं दुसरं षटक म्हणजे 14 किंवा अधिक धावा देण्याचा सौदा, असं पोलिसांचं म्हणणं. चंडिला तर इशारा करायलाच विसरला आणि बुकींनी पैसे परत मागितले, असंही सांगितलं गेलं. त्या मजेदार तपशिलानेच लोकांची उरलीसुरली शंका गेली असावी. इतकं बारीक कुणी रचून सांगेल का?

इथे खेळाडूची गोची इतर आरोपींपेक्षा वेगळी असते. खून कुणी पाहिलेला नसतो, षटक मात्र लाखो लोकांनी पाहिलेलं असतं. आपण प्रत्यक्ष साक्षीदार आहोत असं प्रत्येकाला वाटतं. आता ते षटक पुन्हा लावा. आखूड टप्प्याचा चेंडू, त्यावर चौकार. गोलंदाज विकला गेलेला असो वा त्याचा दिवस वाईट असो, पडद्यावर चित्र एकच दिसतं. टॉवेल घाम पुसायलाही खोचतात. स्पॉट-फिक्सिंगचा पुरावा मैदानावर नसतोच. तो फोनवरच्या संभाषणात, पैशाच्या वाटेत, मध्यस्थाच्या जबाबात असतो आणि यातलं काहीही उलटतपासणीशिवाय टिकतं की नाही ते कळत नाही. पण आधी आरोप ऐकवून मग चित्रफीत दाखवली, की डोळे आज्ञाधारक होतात.

आणखी एक खास पोलिसी शब्दप्रयोग त्या आठवड्यात गाजला: "आरोपीने कबुली दिली." पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये 1872 पासून लिहिलेलं होतं आणि नव्या कायद्यातही आहे. मोक्क्यात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, याला अपवाद आहे, पण तिथेही वरिष्ठ अधिकारी आणि ठरावीक पद्धत लागते. जे न्यायाधीशांपुढे ठेवता येत नाही ते पत्रकारांपुढे बिनदिक्कत ठेवता येतं.

नंतर या प्रकरणाला मोक्का लावला गेला. आपल्या विधानसभेने टोळ्यांसाठी केलेला, दिल्लीतही लागू झालेला कायदा. अंकितला लग्नासाठी काही दिवसांचा जामीन मिळाला आणि नवरदेव लग्नानंतर पुन्हा तिहारला गेला. जूनमध्ये सुटका झाली. 13 सप्टेंबरला क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आणि श्रीशांतवर आजीवन बंदी घातली. 25 जुलै 2015 रोजी पतियाळा हाउस न्यायालयाने तिघांसह 36 जणांना आरोपमुक्त केलं. म्हणजे साक्षी-पुरावे तपासून सोडलं असं नव्हे. खटला चालवण्याइतकंही हाती नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. पोलीस वरच्या न्यायालयात गेले, मंडळ बंदीवर ठाम राहिलं.

मी त्यांना निष्पाप ठरवायला बसलेलो नाही. मंडळाची चौकशी ही खात्यांतर्गत चौकशीसारखी असते, तिला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये श्रीशांतच्या अर्जावर मंडळाचा दोषाचा निष्कर्ष मोडला नाही, फक्त शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. मग बंदी 7 वर्षांवर आली. अंकितला तोच दिलासा 2021 च्या मेमध्ये मिळाला, तोवर ती 7 वर्षं संपून आठ महिने होत आले होते. नाव मोठं असेल तर लोक लवकर फाशी देतात, पण दिल्लीपर्यंत भांडायला वकीलही मिळतात. मधल्या फळीतल्या खेळाडूची नालस्ती पूर्ण राष्ट्रीय, दाद मात्र रांगेत.

आणि ज्याला नावच नाही त्याचं? बदलापूर इथून रेल्वेने फार लांब नाही. 20 ऑगस्ट 2024 ला चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले. तो संताप खरा होता, कुणालाही यावा असा. पण फलकांवर मागणी फाशीची होती, तीही लगेच. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, खटला उभा राहण्याआधीच. दफनाला जागा मिळेना. शेवटी उल्हासनगरच्या शांतीनगरला पोलीस बंदोबस्तात दफन झालं, तिथेही विरोध झाला. त्या मुलींच्या बाजूने भर न्यायालयात सिद्ध व्हायला हवा होता तो गुन्हा आता कधीच सिद्ध होणार नाही.

कायद्यातली फट नेमकी कुठे आहे, ते सांगतो. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार फौजदारी प्रकरण 'प्रलंबित' धरलं जातं ते आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स-वॉरंट काढल्यावर. अटक ते आरोपपत्र या 60-90 दिवसांत सगळा चिखल उडतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना, ही फट बुजवायचा प्रयत्न केला: तपास सुरू असतानाचा माध्यम-खटलाही न्यायदानात अडथळा ठरू शकतो. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, पोलिसांच्या माध्यम-माहितीसाठी नियमावली करायला केंद्राला सांगितलं.

लोक चौकाचौकांत बोलणारच, त्यांचं तोंड कुणी धरू नये. बंद करायची ती पत्रकार परिषद. आरोपपत्र दाखल होईपर्यंत पोलिसांनी लावलेली कलमं, अटकेची वेळ आणि न्यायालयाची पुढची तारीख, एवढंच सांगावं. चित्रफीत नको, कबुली नको, टेबलामागचा फोटो नको. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याने कारवाई करावी. आणि वाचकहो, पुढच्या मोसमात असा फोटो तुमच्या ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: आरोपपत्र दाखल झालंय का?