त्सांगमधील ताडपत्रांचे मठ

मध्य तिबेटच्या त्सांग प्रांतात, सुमारे 3,800 मीटर उंचीवरील शिगात्से नगराच्या आसमंतात, शालू, ङोर आणि साक्या हे तीन मठ आहेत. भारतातून नाहीशा झालेल्या अनेक संस्कृत ग्रंथांच्या मूळ पोथ्या विसाव्या शतकात विद्वानांच्या हाती लागल्या त्या प्रामुख्याने येथेच. ग्यान्त्सेच्या वाटेवर लागणाऱ्या शालूची हिरव्या झिलईदार कौलांची छपरे तिबेटी वास्तूंत वेगळी उठून दिसतात, कारण चौदाव्या शतकातील भूकंपानंतर मंगोल युआन सम्राटांच्या आश्रयाने या मठाची पुनर्बांधणी झाली. ताडपत्रांची कथा मात्र त्याआधीची आहे. बिहारमधील विक्रमशील महाविहाराचे अखेरचे प्रमुख मानले जाणारे काश्मिरी पंडित शाक्यश्रीभद्र 1204 मध्ये तिबेटात आले. त्यांच्या परिवारातील विभूतिचंद्र या भिक्षूने स्वहस्ते नकललेली, धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्त्तिक’ या सातव्या शतकातील तर्कग्रंथावरील मनोरथनंदीची टीका बौद्ध विद्वान व प्रवासी राहुल सांकृत्यायन यांना शालूच्याच संग्रहात मिळाली.

राहुलजींनी 1929 ते 1938 या काळात तिबेटच्या चार यात्रा केल्या. या यात्रांच्या वर्णनांत त्यांच्या साहसाला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे मठवासीयांच्या चिकाटीला मिळत नाही, हे काहीसे अन्यायाचे आहे. संस्कृत वाचणारे जवळपास उरले नसतानाही पूज्य वस्तू म्हणून ही पत्रे सात शतके सांभाळली गेली, आणि भारतातील दमट हवेत टिकली नसती ती तेथील थंड, कोरड्या हवेत टिकली.

शिगात्सेच्या नैर्ऋत्येस डोंगरात वसलेल्या ङोर मठाची स्थापना 1429 ची, म्हणजे तेथील कित्येक पोथ्या मठाहून जुन्या. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या आधारग्रंथाची कारिका, म्हणजे सूत्ररूप श्लोक, आणि त्यांवरील त्याचेच भाष्य येथे संस्कृतात सापडले. तोवर अभ्यासकांना मुख्यतः चिनी व तिबेटी भाषांतरांवर विसंबावे लागत होते. पोथ्या मठाबाहेर नेता येत नसल्याने राहुलजींनी काहींच्या नकला केल्या, तर काहींची छायाचित्रे घेतली. त्यांतील अनेक छायाचित्रे धूसर असल्याने पुढचे काम कमी कष्टाचे नव्हते. ते काम ज्यांनी केले त्यांत पुण्याचे विद्वान वासुदेव विश्वनाथ गोखले होते: त्यांनी अभिधर्मकोशाच्या कारिका 1946 मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे 1957 मध्ये, गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यासह, त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. सतराशेहून अधिक श्लोकांचा हा संग्रह आजच्या बांगलादेशातील जगद्दल विहारात सिद्ध झाला होता, आणि त्याची ताडपत्रे ङोरलाच जपली गेली होती. बौद्ध भिक्षूने जमवलेल्या या संग्रहात शृंगाराचे श्लोक विपुल असावेत, याचे आश्चर्य वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही.

साक्या 1073 मध्ये स्थापन झाले. राखाडी भिंतींवर तांबडे व पांढरे पट्टे ओढलेल्या घरांच्या या गावात, नदीच्या दक्षिण तीरावर, 1268 मध्ये आरंभलेला दुर्गासारखा महामठ उभा आहे. त्याच्या ग्रंथागारातून 1936 मध्ये प्रज्ञाकरगुप्ताचे ‘प्रमाणवार्त्तिक’वरील विस्तृत भाष्य आणि असंगाच्या नावावर असलेली ‘योगाचारभूमी’ पुढे आली. नदीच्या उत्तर तीरावरील मठसमूह चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झाला, ङोरचीही तीच गत झाली. तिबेटातील कित्येक ताडपत्रे मात्र त्या काळातूनही वाचली. 2005 पासून बीजिंगचे तिबेटविद्या संशोधन केंद्र आणि ऑस्ट्रियाची विज्ञान अकादमी मिळून अशा पोथ्यांच्या छायाप्रतींवरून संपादित ग्रंथमाला प्रसिद्ध करीत आहेत. तिचा पहिला खंड जिनेंद्रबुद्धीच्या टीकेचा असून, दिङ्नागाच्या ज्या ‘प्रमाणसमुच्चय’ या तर्कग्रंथावर ती लिहिली गेली, तो ग्रंथ संस्कृतात अखंड उपलब्ध नसल्याने त्याची वाक्ये अभ्यासक आता या टीकेतून वेचून जुळवीत आहेत.