पत्र्याचं कोटेशन मागण्याआधी हे वाचा

मंडळी, एप्रिल लागला की माझा फोन दिवसभर वाजतो. दापोली, मंडणगड, खेड, कधी पार श्रीवर्धनहून. प्रश्न एकच. "भाऊ, पत्र्याचा स्क्वेअर फुटाचा रेट काय?" घर किती उंच, वारा कुठून येतो, खाली लाकडी वासे आहेत की लोखंडी पाइप, जुनं छप्पर कशाचं, यातलं काही कोणी सांगत नाही. नुसता रेट हवा असतो. मी रेट सांगितला की पलीकडून हमखास ऐकू येतं, "अहो, तो दुसरा चाळीस रुपये कमी घेतो."

घेत असेल. ते चाळीस रुपये कुठून कमी होतात, तेवढं आज लिहितो. गेली सतरा वर्षं हाच धंदा करतोय, चौदा माणसं हाताखाली आहेत, कर्ज फिटलंय. नवीन पोरं विचारतात की या लाइनीत पैसा आहे का. त्यांनाही उत्तर यातच मिळेल.

आधी वाऱ्याचं बघू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी १००-११० किलोमीटरचा होता, झोत त्याहून जास्त. बऱ्याच जणांना वाटतं की वारा छपराला ढकलतो आणि छप्पर मोडतं. तसं नाही. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो तो कडेला, कोपऱ्याला आणि आढ्यापाशी. ११० च्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरला ५५-६० किलोच्या घरात जातो, कोपऱ्यावर त्याच्या पुढे. आणि अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला भरतो किती, तर जेमतेम साडेचार किलो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनावर बसलेलाच नसतो, तो स्क्रूवर बसलेला असतो. आपल्या जुन्या मंगळुरी कौलांचं वेगळं होतं. एकेक कौल दोन-सव्वादोन किलोचं, मधल्या फटींतून वारा सुटायचा. वादळात कौलं उडाली, फुटली, पण बहुतेक घरांचे वासे आणि रिपा जागेवर राहिल्या. पत्र्याची छपरं मात्र काही ठिकाणी खालच्या पाइपांसकट शेजारच्या आमराईत सापडली.

मी कौलांचा भक्त नाही. माकडं आणि शाकारणीला न मिळणारी माणसं, या दोन गोष्टींनी कौलं संपवली. तक्रार एवढीच की लोक पत्रा घालतात आणि हिशेब कौलाचा करतात.

तर ते चाळीस रुपये. पहिले जातात पत्र्याच्या जाडीतून. कोटेशनवर ०.५० लिहायचं आणि ०.४० चा माल उतरवायचा. हाताला फरक कळत नाही, मायक्रोमीटरला कळतो, आणि तो काही महाग मिळत नाही. मग पाइपांच्या अंतरातून, चार फुटांवर पाहिजे तिथे साडेपाच-सहा फूट. मग पाइपाच्या जाडीतून. मग स्क्रूंतून. कडेच्या ओळीला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, तिथे एक सोडून एक मारायचा, आणि खालचा रबरी वॉशर असा घ्यायचा की दोन उन्हाळ्यांत तडकून गळायला लागावा. बिलच करायचं नाही म्हटलं की जीएसटीचे अठरा टक्के वाचतात ते वेगळेच. पण तेव्हा तक्रार करायला तुमच्या हातात कागदही राहत नाही.

एवढं सगळं कापूनही दर खाली येईना, तर शेवटची कात्री माणसावर चालते. ती कुठल्याच कोटेशनात दिसत नाही.

आमच्या कामात माणूस कडेवरून पडतो असा समज आहे. पडतोही. पण जास्त भीती मधूनच खाली जाण्याची. जुना सिमेंटचा पत्रा पंचवीस-तीस पावसाळे खाल्ले की ठिसूळ होतो. आपल्याकडे त्यावर शेवाळ चढतं, त्यामुळे तडा दिसत नाही. उजेडासाठी मध्ये टाकलेला पारदर्शक पत्रा धुळीने एवढा काळवंडतो की तोही सिमेंटचाच वाटतो. पाय ठेवायचा तो फक्त बोल्टच्या रांगेवर, कारण खाली पाइप तिथेच असतो, आणि तोसुद्धा आडव्या फळ्या टाकून, दोर बांधून. या फळ्या वर चढवायला, सरकवायला अर्धा दिवस जातो. अर्धा दिवस म्हणजे चार माणसांची अर्धी हजेरी. स्वस्तातलं काम घेतलेल्याला ती परवडत नाही.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका गोदामावर सव्वीस वर्षांचा पोरगा असाच खाली गेला. अठरा फूट, खाली कोबा. त्याचा ठेकेदार मी ओळखतो, नाव लिहीत नाही. घरच्यांना पन्नास हजार देऊन एका कागदावर सह्या घेतल्या आणि विषय मिटवला. मिटवला म्हणजे त्याच्यापुरता. मुलाची बायको पुढे माझ्याकडे आली होती, कोणीतरी सांगितलं की याला कागदपत्रांतलं कळतं म्हणून. मी विचारलं, कल्याणकारी मंडळात नोंद होती का? नव्हती. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यातून हे मंडळ आलं. नोंदीत कामगार कामावर गेला तर वारसाला पाच लाखांची मदत आहे. नोंदणीला लागतं काय, तर वय १८ ते ६० आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो दाखला त्याने ठेकेदाराकडे मागितला होता. "सही केली तर उद्या माझ्यावर येईल" म्हणून दिला नाही. वहिनींना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांना वकिलाचा पत्ता दिला, पण सह्या झालेला कागद आधीच समोर होता.

माझ्याकडचे चौदाही जण नोंदीत आहेत. दाखल्यावर सही माझी. नूतनीकरणाच्या तारखा मीच वहीत लिहून ठेवतो, कारण ते विसरतात. शिवाय बँकेतली वीस रुपयेवाली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, तिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. आणि माझ्या नावावर कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. याचा खर्च मी लपवत नाही. कोटेशनात वेगळी ओळ असते : सुरक्षा व विमा. त्यावरून भांडणं होतात. एका मंगल कार्यालयाचे मालक म्हणाले, "तुमच्या माणसांचा विमा आम्ही का भरायचा?" मी म्हटलं, शेठ, पत्रा तुमचा, उंची तुमची, पडणारा फक्त माझा. काम गेलं. चांगलं साडेपाच हजार फुटांचं काम होतं, जीव हळहळला.

पण हिशेब पुढे बघा. २०२० चा जून आठवा. लॉकडाऊनमध्ये बाहेरचे कामगार गावी गेलेले, त्यात निसर्ग आलं, लोक ताडपत्र्यांखाली झोपत होते. पूर्ण पडलेल्या घराची मदत सरकारने ९५,१०० वरून दीड लाख केली, पण पैसे हातात असले तरी छपरावर चढायला माणूस नव्हता. माझे नऊ जण तेव्हाही माझ्याकडे होते, आणि विजापूरकडचे दोघे परवानगी काढून परत आले. इतर ठेकेदार फोन करकरून थकले. धंदा यशस्वी कसा होतो विचारणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगू शकतो. कोकणात पत्रा कोणीही आणून देतो, चढणारा हात टिकवणं हे खरं भांडवल आहे. जुनी माणसं आठवड्याचं काम पाच दिवसांत करतात आणि पावसात "गळतंय" म्हणून मला परत बोलावणं येत नाही.

आता गावाच्या कामाबद्दल. शाळा, अंगणवाड्या, समाजमंदिरांची छपरं टेंडरने निघतात, आणि वीस-पंचवीस टक्के खाली दर भरणारे आहेत. मी भरत नाही, मला जमत नाही. पण काम तुमच्या गावात होतंय, तुमची पोरं त्याखाली बसणार आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी अंदाजपत्रकाची प्रत मागावी, पत्र्याची जाडी आणि पाइपांचं अंतर वाचावं, माल उतरल्यावर मोजावं. आणि एक प्रश्न जरूर विचारावा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर असतो, सरकारी कामात तो ठेकेदाराच्या बिलातूनच कापला जातो. कापतात तो याच मजुरांच्या नावाने. मग वर चढलेल्यांपैकी नोंदीत किती? हा प्रश्न ग्रामसभेत मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा पुढचा विषय घेतला गेला.

माझ्या तारखा १८ मेपर्यंत भरल्यात. २५ मेनंतर मी कुणाचंही छप्पर उघडत नाही, कितीही ओळख असली तरी. फोन करण्यापेक्षा लांबी-रुंदी, जमिनीपासून उंची आणि आतून-बाहेरून फोटो पाठवा. आणि जुना सिमेंटचा पत्रा उतरवून खुराड्यावर टाकायचा असेल तर अख्खाच टाका, ग्राइंडरने कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत बसते.