नावाचा रकाना

वाचनालयातल्या एखाद्या जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बघा. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दिसतील. शिक्के भरपूर असले, की समजावं पुस्तक खूप हातांतून फिरलंय. शाळेच्या संगणकातला कोणता प्रोग्राम किती वापरला जातो, हे मात्र असं दिसत नाही. म्हणून मी एक वही केली.

वर्ध्याला लागून असलेलं बोरगाव मेघे हे माझं गाव. प्राथमिक शाळेत मी शिकवते. सगळ्या वर्गांत मिळून आमचे दोनच संगणक. त्यांतली जागा भरत आली होती आणि मला काही नवं टाकायचं होतं. जे कुणी उघडतच नाही ते काढून टाकू, असं ठरवलं. वहीत रकाने आखले : तारीख, नाव, इयत्ता, काय उघडलं.

महिनाअखेरीस बेरीज केली. 'टक्स पेंट' हा चित्रं काढायचा प्रोग्राम सगळ्यांत पुढे! 'जीकॉम्प्री' या छोट्या छोट्या खेळांच्या संचापुढे मात्र एकच नाव, पाचवीतल्या एका मुलाचं. तेही पहिल्याच आठवड्यात. मी त्याच्यावर काट मारली.

काढण्याआधी त्या मुलाला सहज विचारलं, "का रे, तो खेळ आवडला नाही का?"

खाली मान घालून तो म्हणाला, "आवडते न, मॅडम. त्यात घड्याळ शिकवते. मला काटे समजत नाहीत. पण वहीत नाव लिहिलं, तं सगळे वाचतात न. म्हणतात, दुसरीच्या पोरांचा खेळ खेळतो."

मी गप्पच झाले. खेळ नकोसा झालाच नव्हता. माझ्या वहीनंच त्याला खुर्चीवरून उठवलं होतं!

'डेबियन' ही १९९३ साली सुरू झालेली, सर्वांना मोफत मिळणारी संगणकप्रणाली. तिच्यातही अशी मोजणी होते. संगणकाच्या मालकानं होकार दिला तरच. कोणते प्रोग्राम बसवलेत आणि त्यांतले कोणते अलीकडे उघडले, एवढं दर आठवड्याला कळवलं जातं. मालकाचं नाव जात नाही. पहिल्या सीडीवर जागा थोडी, मग तिच्यावर काय घ्यायचं, हे ठरवायला ती मोजणी उपयोगी पडली. नावाशिवाय काही अडलं नाही.

मीही वही मिटली. भिंतीवर कागद लावला. प्रत्येक प्रोग्रामचं चित्र आणि समोर मोकळी जागा. उघडला की एक रेघ ओढायची, बस्स. जीकॉम्प्रीसाठी तिथेच घड्याळाचं चित्र काढलं.

पुढच्या महिन्यात घड्याळासमोर बऱ्याच रेघा झाल्या. एकट्याच्या नसाव्यात इतक्या! म्हणजे काटे न समजणारी आणखीही मुलं वर्गांत होती. कोणाची कोणती रेघ, मी विचारलं नाही. मारलेली काट मात्र खोडली.

'जीकॉम्प्री' हे नाव फ्रेंच भाषेत 'मला समजलं' असं ऐकू येतं म्हणे. या वेळी समजलं ते मला.

मुलांनो, तुमच्याही शाळेत अशी वही असेल. तिच्यात नावाचा रकाना आहे का? असला, तर तो कशासाठी आहे, हे आपल्या मॅडमना किंवा सरांना जरूर विचारा.