गरजेपुरते बळ

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचे फेरे वाढावेत आणि वेग मात्र वाढू नये, ही झिजलेल्या क्लच प्लेटची खूण. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका सांगलीकर अभियंत्याच्या 1990 सालच्या माझदा मियाटामध्ये ती दिसू लागली, तेव्हा क्लच बदलणे अटळ झाले.

प्रश्न होता निवडीचा. मुलाने शर्यतीच्या गाड्यांचा क्लच सुचविला. त्याची पकड जबरदस्त. परंतु पेडल जड आणि गाडी निघताना हिसका बसणारा. ही गाडी पत्नीलाही प्रिय होती आणि तिचा डावा गुडघा दुखरा होता. त्या बळाची किंमत तिला गाडी सोडून मोजावी लागली असती. 1.6 लिटरच्या इंजिनाला मूळची 200 मिलिमीटरची प्लेट पुरेशी होती; तीच ठरली.

परिग्रहाचे परिमाण धनधान्यापुरतेच नसते. बळालाही ते लागू पडते. मात्र परिमाण म्हणजे कंजूषी नव्हे. क्लच बदलताना खरा खर्च गिअरबॉक्स उतरविण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून त्याच वेळी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनाच्या मागचे ऑइल सीलही बदलले; फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सपाट करून घेतला.

नवी प्लेट नीट बसेपर्यंत काही दिवस गाडी हळुवार चालवावी लागते. पुढेही पेडलवर विनाकारण पाय टेकवून ठेवला नाही, तर ती दीर्घकाळ टिकते. संयम तिथेही हवाच.